इंजिनीयर अभ्यास करतेय

६ फेब्रुवारी

ही वही इंजिनीयरने दिली. इंजिनीयर म्हणजे माझी नणंद. ती युनिव्हर्सिटीत इंजिनीयरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण घरात सगळे तिला आत्तापासूनच इंजिनीयर म्हणतात. दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा.

काल मी गोटूला मांडीवर घेऊन रडत बसले होते तेव्हा ती पाणी प्यायला बाहेर आली. काय झालं विचारलं. मी म्हटलं काही नाही, भीती वाटते. कसली ते सांगता येईना. तर ती आत गेली नि ही वही घेऊन आली, म्हणाली लिहून काढ, डोकं हलकं होतं. मी म्हटलं सातवी शिकलेली बाई काय लिहिणार. ती म्हणाली, वाचणार कोण आहे?

तिच्याकडे अशा वह्यांचा गठ्ठाच आहे म्हणे, सगळ्या कोऱ्या. हुशार माणसांना लिहून घ्यावं लागत नसेल. एकदा ऐकलं की डोक्यात राहत असेल.

तर भीती. गोटू दोन महिन्यांचा आहे. त्याला अंघोळ घालायची मला भीती वाटते, साबणाने हातातून सटकला तर काय. तो झोपला की मी नाकाखाली बोट धरून श्वास बघते. आणि तो रडला की सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण आमच्या नि इंजिनीयरच्या खोलीत एकच पातळ भिंत आहे. तो रडला की आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराशी येऊन उभ्या राहतात. बोलत काही नाहीत, नुसतं भिंतीकडे बघतात. मग मी त्याला उचलते नि जिन्याने खाली पळते.

९ फेब्रुवारी

आज गोटू लवकर झोपला म्हणून घराचं लिहिते. खाली दुकान, वर आम्ही. दुकान धुलाईचं नि इस्त्रीचं. मागे मशिनं, पुढे दोन मोठी टेबलं. एकावर बाबा, म्हणजे सासरे, इस्त्री करतात, दुसऱ्यावर आई. कपड्यावर कोणाचं नाव लिहीत नाहीत. कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याचे बारीक टाके घालतात, प्रत्येक घराचा रंग वेगळा, टाके वेगळे. बाबांना सगळे पाठ. माणूस रस्त्यात समोर आला तर ओळखणार नाहीत, पण टाका बघून त्याची सगळी हकीकत सांगतील. परवा म्हणाले, हिरवा दुहेरी आजारी आहे वाटतं, नुसते पायजमे आलेत. आईंनी विचारलं, आणि पिवळा? तर म्हणाले, पिवळ्याचं लग्न मोडलं असणार, सूट धुवायला टाकला नि न्यायलाच आला नाही.

अशा घरात इंजिनीयर निघाली. दोन्हीकडच्या नात्यात युनिव्हर्सिटीचं तोंड कोणी बघितलेलं नाही, त्यामुळे तिला सगळे जपतात. तिला इस्त्रीला हात लावू देत नाहीत. घरात रेडिओ लागत नाही. आई भांडी फडक्यावर ठेवतात, आवाज व्हायला नको म्हणून. बाबांना खोकला आला तर ते जिन्यात जाऊन खोकतात. तिचं दार लागलं की कोणी वाजवायचं नाही. ताट बाहेर स्टुलावर ठेवायचं नि पावलं न वाजवता परत यायचं. हे गाडीवर असतात, माल पोचवायला गावोगाव, रविवारी घरी येतात. तेसुद्धा तिच्याशी पाहुण्यासारखं बोलतात. काय, कसं चाललंय? छान. छान छान.

लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी आईंनी मला हळू आवाजात सांगितलं होतं, इथे बेताने वावर, इंजिनीयर अभ्यास करतेय.

१७ फेब्रुवारी

ताट पुन्हा अर्धं परत आलं. अभ्यासापुढे तिला भूकही सुचत नाही. मला तर एक वेळचं चुकलं तर डोळ्यापुढे अंधारी येते. वाळलीये पण फार. आई म्हणाल्या, परीक्षा झाली की भरेल अंगाने.

बाबांनी आज निळ्या तिहेरीचे शर्ट केले. त्याचे शर्ट आईंनाही करू देत नाहीत. तो युनिव्हर्सिटीत प्राध्यापक आहे. त्याच्या कफला खळ वेगळी, घडीत पांढरा कागद वेगळा. मी विचारलं एवढं कशाला. बाबा म्हणाले, आपली पोर त्याच्या हाताखाली आहे. त्याच्या मनात राहायला हवं कोणाच्या घरची ते. आणि मला म्हणाले, हे तिला सांगू नकोस, तिला आवडायचं नाही.

२६ फेब्रुवारी

आज लिहायला हात उचलत नाही. गोटूची मान वाकडी आहे.

मला आठवडाभर वाटत होतं पण मी बोलले नाही, बोललं की खरं होईल असं वाटायचं. त्याचं डोकं डाव्या खांद्याकडे कलतं नि तोंड कायम उजवीकडे. डावीकडून हाक मारली तर डोळे वळतात, मान वळत नाही. आज डाव्या बाजूला मानेत वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. मीच केलं असणार. रडला की एकाच हातावर घेऊन जिन्याने पळते ना मी.

ह्यांना फोन केला. म्हणाले सगळी पोरं तशीच असतात, उगाच रडत बसू नकोस. आई म्हणाल्या आपोआप जाईल. मी जिन्यात बसून रडले. इंजिनीयर वर येत होती, पाठीला पिशवी. तिने गोटूला घेतलं, गाठीवर बोट ठेवलं, म्हणाली उद्या दवाखान्यात जाऊ. मी म्हटलं ताई, तुमचं कॉलेज? म्हणाली एक दिवस बुडलं तर काही होत नाही. आणि मला तुम्ही म्हणू नकोस, मी तुझ्यापेक्षा लहान आहे.

केवढं मन आहे पोरीचं.

२७ फेब्रुवारी

जीव भांड्यात पडला. अर्धा तरी.

डॉक्टरांनी बघून व्यायामवाल्या बाईंकडे पाठवलं. मोठी खोली होती, जमिनीवर गाद्या. एक म्हातारे आजोबा दोन दांड्यांना धरून चालायला शिकत होते. बाईंनी गोटूला आडवं केलं, मान चाचपली. म्हणाल्या, एका बाजूचा स्नायू आखडलाय. तुम्ही काही केलेलं नाही, पोटात असल्यापासून होतं असं. मला दोनदा म्हणाल्या, तुम्ही काही केलेलं नाही. ऑपरेशन वगैरे नको, रोज मान ताणायची, हळू, आणि धरून ठेवायची. पोटावर पालथं घालायचं. खेळणं डावीकडे ठेवायचं. काही महिने लागतील.

मग करून दाखवलं. गोटू असा किंचाळला की मी तोंड फिरवलं. पण इंजिनीयर खाली गुडघ्यावर बसून बघत होती. तिने विचारलं, कुठला स्नायू? कुठून कुठपर्यंत जातो? किती ताणलं की थांबायचं, ते हाताला कळतं कसं? बाईंनी तिचा हात घेतला, गोटूच्या मानेवर ठेवला नि म्हणाल्या, आता हळू वळव, हे बघ, इथे घट्ट लागतं, इथे थांब. इंजिनीयर थांबली. तिचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. ताटाकडेसुद्धा ती अशी बघत नाही.

बाहेर पडल्यावर म्हणाली तू जा पुढे, मला जरा थांबायचंय. मी बाकावर वाट बघत बसले. उघड्या दारातून ती त्या आजोबांचं चालणं बघत उभी दिसत होती. दांडी सोडून एक पाऊल पडलं तेव्हा ते खुदकन हसले, तर हीसुद्धा हसली.

४ मार्च

मला जमत नाही. त्याला धरलं की तो रडतो, तो रडला की मी सोडते. शिवाय आवाज. आई दाराशी येऊन उभ्या राहतात.

इंजिनीयर म्हणाली माझ्या खोलीत आण, दार लावून करू. मग आवाज माझ्याच खोलीतून आला तर मला त्रास कसा होईल? बरोबरच आहे. असलं सुचायला डोकं लागतं.

लग्नाला दीड वर्ष झालं, तिच्या खोलीत आज पहिल्यांदा गेले. टेबल नीट लावलेलं. पुस्तकं किती जपते, एकसुद्धा पान दुमडलेलं नाही. काहींची तर पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, आमच्या दुकानात नवीन शर्टाची घडी असते तशी. वर थोडी धूळ होती ती मी पदराने पुसली.

तिने गोटूला पलंगावर ठेवलं. एक हात खांद्यावर, एक डोक्याला. तो रडला, पण ती सोडत नाही, ओरडतही नाही, एका सुरात त्याला काहीबाही सांगत राहते. हो रे, दुखतंय, कळलं मला, अजून थोडं, संपलं. मलाही तिने हात धरून शिकवलं. म्हणाली तू त्याला दुखावत नाहीयेस, सोडवतेयस.

बाहेर आले तर आई कौतुकाने म्हणाल्या, बघ, पोराचं करूनही तिचा अभ्यास चुकत नाही.

१५ मार्च

आज जे ऐकलं ते लिहू का नको, असं तीनदा झालं. पण वाचणार कोण आहे.

व्यायाम झाला, गोटू दमून झोपला. मी म्हटलं, ताई, गोटूमुळे तुझा वेळ जातो, परीक्षेत कमी पडले तर मी तोंड कुठे लपवू. ती गोटूचं पांघरूण सारखं करत राहिली. मग म्हणाली, अजून कमी काय पडणार. पहिल्या वर्षी चार विषय राहिले. ते पुन्हा दिले, दोन पुन्हा राहिले. या वर्षीचे सगळेच गेले. बुडालेल्या दुकानाचा हिशोब सांगावा तसं सांगितलं. हे हल्लीचं म्हणावं तर तसंही नाही, सुरुवातीपासूनच असं आहे म्हणाली. वर्गात बसलं की फळ्यावरचं सगळं डोक्यावरून जायचं. आधी समजत नव्हतं, मग समजावंसंही वाटेना. तीन महिने झाले ती वर्गात गेलेलीच नाही. सकाळी पिशवी घेऊन निघते नि बागेत बसते.

आणि दार लावून? मी विचारलं. म्हणाली, भिंतीकडे बघते.

मला आठवलं, आम्ही त्या भिंतीला आवाज लागू नये म्हणून केवढं जपत होतो.

मी म्हटलं, गोटूच्या रडण्यानेच झालं असेल. तिने माझ्याकडे असं बघितलं. म्हणाली, "वेडी आहेस का? तो रडायचा तेव्हाच मला बरं वाटायचं. या घरात कोणीतरी आवाज करतंय असं वाटायचं."

मग ती रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. काय करावं कळेना, म्हणून गोटूला थोपटतात तसं थोपटलं.

१६ मार्च

रात्रभर तेच डोक्यात. आता मला माहीत आहे नि बाबांना माहीत नाही. उद्या कळलं तर म्हणतील, सून आली नि पोर बिघडली. ह्यांना सांगावं म्हटलं तर हे म्हणतील, बाबांपुढे तोंड उघडायचं नाही. चार लोकांत बाबा तिच्याबद्दल किती बोलतात. दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं तरी इस्त्री फिरवता फिरवता सांगतात, वर आमची इंजिनीयर असते.

आज ती खोलीतून बाहेर आली नि आईंना म्हणाली भूक लागलीये. पूर्ण ताट जेवली.

८ एप्रिल

गोटूची गाठ लहान झाली. खुळखुळा डावीकडे वाजवला की निम्मी मान वळते. व्यायामवाल्या बाईंनी मला विचारलं, घरी कोण करतं? मी म्हटलं ही. म्हणाल्या, शिकलेली दिसते. मी हो म्हणणार तेवढ्यात इंजिनीयर म्हणाली, नाही, पण शिकायचंय.

बाईंनी सगळं सांगितलं. त्याच युनिव्हर्सिटीत फिजिओथेरपीची पदवी आहे (शब्द तिला विचारून लिहिला). एक लेखी परीक्षा नि तोंडी मुलाखत. शाळेत तिने गणित नि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं, त्यामुळे बसता येतं. पण सुरुवात पुन्हा पहिल्या वर्षापासून. दोन वर्षं गेली ती गेली.

परत येताना ती बसमध्ये बोलतच होती. मान, पाठ, गुडघा, पडलेली माणसं उठतात कशी. मला निम्मं कळलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं. उतरायच्या वेळी एकदम म्हणाली, बाबांना कसं सांगू? मी म्हटलं, आधी परीक्षा तर दे. नापास झालीस तर सांगायचंच नाही. ती एवढी हसली की शेजारच्या बाई वळून बघायला लागल्या. मी काही गमतीने म्हटलं नव्हतं.

१८ मे

लेखी झाली. मी गोटूला घेऊन बाहेर बसले होते. घरी सांगून आलो होतो, दवाखान्यात जातोय. गेला महिना ती दार लावून खरंच अभ्यास करत होती. माणसाचा सांगाडा छापलेला मोठा कागद तिने कपाटाच्या दाराला आतून लावलाय. आईंनी एकदा कपाट उघडलं नि किंचाळल्या. तिने सांगितलं, इंजिनीयरिंगमध्ये आता हेपण असतं. आई म्हणाल्या, काय काय शिकवतात बिचारीला.

६ जून

तिला जागा मिळाली. मुलाखतीत विचारलं, आधीची पदवी का सोडतेस. म्हणाली, तिथे मला काही विचारावंसंच वाटत नव्हतं. इथे प्रश्न संपत नाहीत.

असं एवढ्या मोठ्या माणसांपुढे कोणी बोलू शकतं का? मला तर दवाखान्यात गोटूचं वय सांगतानाही घाम फुटतो.

महिनाअखेर हो म्हणून कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला. म्हणजे आता बाबांना सांगायलाच हवं. ती उद्या सांगते म्हणाली.

१४ जून

अजून सांगितलं नाही. रोज खाली जाते, बाबांसमोर उभी राहते. बाबा म्हणतात, काय गं, काही हवंय का? ती म्हणते नाही. बाबा म्हणतात, मग जा, अभ्यास कर.

२० जून

आज सगळं झालं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी तपकिरी एकेरीवाली बाई शर्ट न्यायला आली. तिचा मुलगा इंजिनीयरिंगला, हिच्याच वर्गात. तिने सहज विचारलं, तुमची मुलगी बरी आहे ना, मुलगा म्हणत होता सहा महिने वर्गात दिसली नाही. बाबांनी शर्ट बांधून दिले. मग निळ्या तिहेरीचे तयार शर्ट हँगरला लावले, अंगावर चांगला सदरा घातला नि स्वतः पोचवायला गेले. बाबा कधी कोणाच्या घरी कपडे घेऊन जात नाहीत.

दुपारी आले. शर्ट तसेच हातात. वर येऊन पाणी न पिता बसले. आई, मी, इंजिनीयर, सगळ्या तिथेच. बाबा म्हणाले, मी त्यांना सांगितलं, माझी मुलगी तुमच्या वर्गात आहे, काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. ते म्हणाले मुलीचं नाव काय, मी तर तिला ओळखत नाही.

मग बाबांनी शर्ट मांडीवर ठेवले. म्हणाले, "तो इतिहास शिकवतो."

बाबा स्वतःशीच म्हणाले, दोन वर्षं मी त्याच्या कफला वेगळी खळ घातली.

आणि मला हसू आलं. देवाशप्पथ मी दाबलं, गोटूच्या अंगात तोंड खुपसलं, पण ते सुटलंच. आता संपलं, असं वाटलं. वर बघितलं तर आई तोंडाला पदर लावून हलत होत्या. मग इंजिनीयर. या घरात एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बाबा आमच्याकडे बघत राहिले, चिडावं का काय ते त्यांना कळेना.

हसता हसताच इंजिनीयर रडायला लागली नि तिने सगळं सांगून टाकलं. नापास झालेली, बागेत बसलेली, नवीन जागा, सगळं. बाबांचा चेहरा उतरत गेला. म्हणाले, धरलेलं सोडायचं नाही. दोन वर्षं गेली तर आणखी दोन घालव, पण पूर्ण कर. जगाला काय सांगू मी? ती मान खाली घालून उभी. मला वाटलं आता ती हो म्हणणार. हो म्हणून पुन्हा त्या खोलीत जाणार नि दार लावणार. मला ते दार दिसलं.

मग बाबा माझ्याकडे वळले. तुला कधीपासून माहीत?

मी म्हटलं, मार्चपासून.

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

मी म्हटलं, "बाबा, तिला कोणी विचारलंच नाही. आपण सगळे आवाज नको, आवाज नको करत बसलो. आत काय चाललंय ते कोणीच बघितलं नाही. मीपण नाही."

आई म्हणाल्या, गप्प बस गं. पण मला थांबता येईना. मी म्हटलं, गोटूची मान कोणी सरळ केली ते तरी विचारा. आई म्हणाल्या, ती आपोआप झाली. मी गोटूला घेऊन सरळ जिन्याने खाली गेले नि बाबांच्या टेबलावर ठेवलं, इस्त्री बाजूला सरकवून. सगळे मागून आले. इंजिनीयरला म्हटलं, दाखव.

तिने डोळे पुसले, हात पुसले. एक हात खांद्यावर, एक डोक्याला. गोटू आता रडत नाही, तिच्याकडे बघून लाळ गाळतो. तिने मान हळू वळवली, धरली, सोडली. पुन्हा. सांगत होती, हा स्नायू इथून निघतो, कानामागे जातो, इथे घट्ट लागला की थांबायचं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. कितीतरी वेळ. त्या टेबलावर त्यांनी आयुष्यात किती हात बघितले असतील. माझे दोनदा बघून म्हणाले होते, जड आहे हात, रेशमाला नको.

शेवटी म्हणाले, "हात हलका आहे."

एवढंच. मग इस्त्री लावली नि कामाला लागले.

२३ जून

तीन दिवस बाबा बोलले नाहीत. ना तिच्याशी, ना माझ्याशी. रविवारी हे आले, सगळं ऐकून मला म्हणाले, तू बोललीस? तू? असं दोनदा विचारलं. मला काय माहीत, माझ्या तोंडून निघालं. खरं धाडस तिचं. सगळं सोडून पुन्हा पहिल्या वर्षात जाऊन बसायचं, लहान पोरांमध्ये, कसं जमतं तिला.

आज सकाळी बाबांनी तिला विचारलं, कधी कळवायचंय? ती म्हणाली आठवड्यात. बाबा म्हणाले, मग आज जा. उगाच शेवटच्या दिवशी गर्दी असते.

१२ ऑगस्ट

पंधरा दिवस झाले तिचं कॉलेज सुरू होऊन. गोटूची मान सरळ झाली, बाईंनी सांगितलं आता महिन्यातून एकदा दाखवा. तो सगळीकडे बघतो, सगळीकडे जातो. काल कपडे वाळत घालेपर्यंत मशिनच्या मागे सरकत गेला.

इंजिनीयर रोज काहीतरी करून बघते. माझे गुडघे झाले, आईंची कंबर झाली. आज दुकान बंद केल्यावर बाबांना टेबलावर पालथं झोपायला सांगितलं. बाबा नाही नाही म्हणत झोपले. कापडावर खुणा करायचा खडू घेऊन तिने त्यांच्या पाठीवर स्नायू आखले. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे म्हणाली, आयुष्यभर एकाच हाताने इस्त्री दाबली म्हणून. बाबा तोंड टेबलात खुपसून म्हणाले, मग काय डाव्या हाताने दाबायची? ती म्हणाली, अधूनमधून. बाबा म्हणाले, गिऱ्हाइकं पळून जातील. आई म्हणाल्या, हलू नका, रेघ वाकडी होतेय.

मी गोटूला बादलीत बसवून अंघोळ घालत होते, तिथूनच बघितलं. हात साबणाने भरलेले नसते तर मीपण एक रेघ ओढली असती.

१९ सप्टेंबर

आज तिच्या पहिल्या चाचणीचा निकाल आला.

दुपारची वेळ, दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी. मी घड्या घालत होते. ती पिशवी खांद्याला लावून आत आली, सगळ्यांसमोर उभी राहिली नि म्हणाली, बाबा, मला कमी पडले. काठावर पास झाले.

आईंनी एकदम गिऱ्हाइकांकडे बघितलं. मला वाटलं, आता ती वर जाईल. पण ती तिथेच उभी राहिली.

बाबांनी इस्त्री थांबवली नाही. कॉलर केली, कफ केले, पाठीवर आले. मग म्हणाले, "कशात?"

"खांद्यात."

"खांद्यात काय एवढं असतं?"

तिने पिशवी खाली टाकली. खांद्यात किती असतं ते सांगायला लागली. एक हँगर घेतला नि म्हणाली हे गळ्याखालचं हाड. दुसरा आडवा धरला. मागचं पसरट हाड पाठीला चिकटलेलं नसतंच म्हणाली, नुसतं स्नायूंनी लटकलेलं असतं, म्हणून तर हात एवढा सगळीकडे फिरतो. बाबांनी विचारलं, मग ते पडत कसं नाही? तिने तेही सांगितलं. कुठे चुकली तेही सांगितलं, दोन स्नायूंची अदलाबदल केली होती. गिऱ्हाइकं जायची थांबली होती. एका बाईंनी स्वतःचा खांदा चाचपून बघितला. बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. इतका वेळ त्यांना तिच्या तोंडाकडे बघताना मी बघितलं नव्हतं.

मला आधी वास आला. मग धूर दिसला. मी म्हटलं, बाबा, इस्त्री.

त्यांनी उचलली. पाठीच्या मधोमध तपकिरी त्रिकोण. बाबांनी शर्ट जाळल्याचं आईंनासुद्धा आठवत नाही. ज्यांचा शर्ट होता ते गृहस्थ समोरच उभे होते.

बाबांनी शर्टाकडे बघितलं, त्या गृहस्थांकडे बघितलं, इस्त्री उभी करून ठेवली. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "असू दे. पुढे सांग."